पांढरीपांडे सरांचा रविवारचा बाजार

पांढरीपांडे सर कुठेही गेले की आधी उत्तर दिशा कुठली ते विचारायचे. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, कोणाकडे नुसतं भेटायला गेले तरी चहा यायच्या आधी. एकदा आम्ही एका ओळखीच्या घरी तेराव्याला गेलो होतो. तिथे सरांनी यजमानांना इतक्या गंभीर चेहऱ्याने दिशा विचारली, की त्या बिचाऱ्यांना वाटलं काहीतरी विधी राहून गेलाय. ते पंचांग आणायला आत गेले. बाहेर पडल्यावर मी हसत होते, तर सर म्हणाले, "हसून काय राहिली? दिशा कळल्याशिवाय मला बसवत नाही बाप्पा."

भोपाळचे आणि आसपासच्या गावांचे आराखडे करण्यात या माणसाचा जन्म गेला. वडील नागपूरचे. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा सरकारी दफ्तराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. सरांचं नागपूरपण मात्र टिकून होतं, ते बोलण्यात आणि तिखटात. भोपाळने त्यांचं आडनाव कधी पुरतं उच्चारलं नाही. पांढरीपांडे म्हणता म्हणता लोकांची दमछाक व्हायची, म्हणून सगळ्या दफ्तरासाठी ते 'पांडेजी' झाले. एकदा रीवाकडच्या खऱ्याखुऱ्या पांडेजींनी त्यांच्याशी नातं जुळवायला घेतलं. सरांनी जुळवू दिलं. पार आजोळापर्यंत. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "चांगला माणूस आहे. इतका खूश झाला होता, कशाला मोडायचं?"

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नवीकोरी पदवी होती आणि डोक्यात वारं. मी पिपलानीची. वडील तिथल्या कारखान्यात, आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये वाढलो. सरांनी पहिल्याच दिवशी "राहतेस कुठे?" विचारलं आणि त्या दिवसापासून मी 'पिपलानी' झाले. माझ्या शेजारी बसणारा सक्सेना 'बरखेडा' होता. चार इमलीत राहणाऱ्या मोठ्या साहेबांनाही ते आमच्यापुरतं 'चार इमली'च म्हणायचे. "चार इमली आज तापलेत, फाईल उद्या न्या," असा निरोप यायचा. माणसाचं नाव ते विसरत, पत्ता कधी विसरत नसत.

माझ्या पहिल्या नकाशात मी एक बगीचा काढला होता. काय सुंदर बगीचा होता! सरांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "इथे उभी राहिली होतीस का?"

"नाही सर. सर्व्हेची शीट आहे ना."

"शीटवर उभं राहता येत नाही, पिपलानी. चल."

स्कूटरवरून घेऊन गेले. माझ्या बगीच्याच्या जागी एक ओसाड तुकडा होता आणि त्याच्या मधोमध, गवत मरून गेलेली, लख्ख पायवाट. पलीकडच्या वस्तीतली पोरं त्या वाटेने शाळेत जायची, बाया नळावर जायच्या. माझ्या बगीच्याची भिंत बरोबर त्या वाटेवर आडवी येत होती. सर एका दगडावर बसले, खिशातून खोडरबर काढलं आणि माझ्या हातात दिलं. भिंत मीच खोडली. मग त्यांनी थर्मासमधला चहा दिला, आणि मला रडायला आलं होतं ते गेलं.

खोडरबर त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचं. लोक तिथे पेन ठेवतात. शालिनीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागायच्या, कारण दर आठवड्याला एखादं रबर शर्टाबरोबर धुतलं जायचं. पुढे कॉम्प्युटर आले, तरी सर शीट छापून घ्यायचे आणि पेन्सिल-रबर घेऊन बसायचे. चूक दाखवली की या माणसाला राग यायचा नाही, उलट चेहरा उजळायचा. आमच्या दफ्तरात ही एक विकृतीच मानली जायची.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी ते डोळ्यांनी पाहिलं. मांडवाची आखणी सरांकडे होती. पहिल्या दिवशी पाणी पडलं, आणि चपला ठेवायची जागा नेमकी उताराला आलेली. सगळा चिखल वाहत म्हाताऱ्या बायकांच्या खुर्च्यांखाली. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना सर टाळ्या वाजवता वाजवता थांबले, मागे गेले आणि खुर्च्या उचलायला लागले. सेक्रेटरी धावत आले. "अहो पांढरीपांडे, स्थापना झाल्यावर मांडव हलवतात का?"

"देव बसलेत, ते हलवत नाही," सर म्हणाले. "खुर्च्यांची स्थापना कुठे झाली? काल माझं चुकलं होतं." आणि एका हाताने खुर्ची ओढत त्यांनी 'सुखकर्ता' पुरी केली.

पण आराखड्याची खरी परीक्षा दफ्तरात होत नसे. ती त्यांच्या घरी, बैठकीच्या फरशीवर व्हायची. आराखडा पक्का व्हायच्या आधी सर त्याची प्रत घरी न्यायचे, पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचे आणि काकूंना हाक मारायचे. काकू पदराला हात पुसत यायच्या, कमरेवर हात ठेवून वाकून बघायच्या. पिवळा रंग घरांचा, हिरवा बागांचा, एवढं त्यांना पाठ होतं. मग त्या नेहमीचाच एक प्रश्न विचारायच्या. "यात कोथिंबीर कुठे मिळेल?"

मला आधी ती थट्टा वाटली. थट्टा होतीही, काकू थट्टेखोरच होत्या. पण सर बोटाने घरापासून रस्ता काढायचे, चौक ओलांडायचे, आणि काकूंना कोथिंबिरीपर्यंत पोचवायचे. बोट अडकलं की आराखडा परत दफ्तरात. मोठे साहेब विचारायचे, "पांडेजी, अब क्या बाकी है?" तर सर शांतपणे सांगायचे, "घर में पास नहीं हुआ, सर."

आता त्या आराखड्याकडे येते, ज्याने त्यांची शेवटची वर्षं खाल्ली.

शहरात जामुनवाले क्वार्टर म्हणून एक जुनी सरकारी वसाहत आहे. बैठी घरं, गळकी कौलं, आणि मधे एक मोठं मैदान. तिच्या पुनर्विकासाची योजना आमच्याकडे आली. जुनी घरं पाडून मजली इमारती, आणि मैदानावर दुकानांचं संकुल. सर्व्हे झाला, नकाशात मैदानावर 'रिक्त भूमि' असं लिहून आलं. वरून घाई होती. काकू नेमक्या नागपूरला, लेकीच्या बाळंतपणाला. सर जागेवर जाऊन आले, दोनदा गेले, मैदान मोकळंच होतं. दोन गाढवं आणि क्रिकेटचे स्टम्प. त्यांनी सही केली. घरात पास न झालेला तेवढा एकच आराखडा पुढे गेला. मंजूर झाला, आणि मंजूर झालेले आराखडे झोपतात तसा झोपला.

सर निवृत्त झाले, सरकारी घर सोडावं लागलं. त्यांनी जामुनवाल्या क्वार्टरच्या मागच्या गल्लीत एक लहानसं जुनं घर घेतलं. पुढेमागे समोर चांगला रस्ता होईल, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या आराखड्यावर विश्वास ठेवून घर घेणारा तो आमच्या खात्यातला एकटाच अधिकारी असावा.

पहिल्या रविवारी काकूंनी पिशवी हातात दिली. "आवाज येतोय बघा कसला. काही मिळालं तर कोथिंबीर आणा."

सर गेले, तर मैदान दिसेना. माणसंच माणसं. भाज्यांचे ढीग, मडकी, सुया-बांगड्या, कोंबड्या, जिलेबीची कढई. बेरासियाकडच्या गावांतून पहाटेच्या बसने बाया यायच्या आणि दिवसभर बसायच्या. कित्येक वर्षांचा हाट, आणि तो रविवारीच भरायचा. सरकारी सर्व्हे रविवारी होत नाही. सरही, नोकरीत असताना, रविवारी कधी जागा बघायला गेले नव्हते. रविवारी ते घरी आराखडा पसरायचे.

ते रिकामी पिशवी घेऊन परत आले. काकूंनी मला हे पुढे सांगितलं तेव्हा सरांची नक्कल करायची म्हणून सुरुवात केली, पण नक्कल काही पुरी झाली नाही. सर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "शालिनी, माझ्या हातून बाजार खोडला गेला."

काकू म्हणाल्या, "मग परत काढा. पेन्सिल मोडली का?"

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! पण कायद्यात ते खरोखर होतं. मंजूर योजना प्राधिकरणाला बदलता येते, सुधारता येते, अगदी रद्द करून तिच्या जागी नवी आणता येते. सर आम्हाला हे कलम पहिल्या आठवड्यात वाचायला लावायचे. "लोकं मंजुरीचा शिक्का बघतात आणि पान बंद करतात. पुढचं पान वाचा ना. बदलायचा अधिकार तिथेच लिहून ठेवला आहे. वापरत नाही, ते आपण."

ते आपल्याच जुन्या दफ्तरात अर्ज घेऊन आले. शिपायाने पुसून खुर्ची दिली. नवे साहेब आदराने बोलले, पण हसू आवरत नव्हतं. "पांडेजी, ये तो आप ही का बनाया हुआ है. दस्तखत भी आपके."

"इसीलिए तो आया हूँ."

"अब सोई हुई योजना को क्यों जगाना?"

सर दर महिन्याला येत राहिले. जुने सहकारी त्यांना टाळायला लागले. कोणी म्हणालं, बुढऊ सठिया गए. कोणी माझ्यामार्फत सांगून पाहिलं, की उगाच चौकशी लागली तर पेन्शनला त्रास होईल. मी निरोप पोचवला. सर म्हणाले, "पिपलानी, ती योजना आज झोपली आहे. उठेल ना, तेव्हा सरळ मैदानावर जाऊन बसेल. त्याच्या आत मला ते निस्तरायचं आहे. दुसरं काही राहिलेलं नाही माझं."

आणि ती उठली. पैसा मंजूर झाला, मैदानाभोवती पत्रे लागणार अशी बातमी आली. हाट बायपासच्या पलीकडे जाईल, असं छापून आलं. बायपासच्या पलीकडे त्या बायांची बस जातच नाही. त्या आठवड्यात मी सरांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. हाटातल्या रामकलीबाई, ज्यांच्याकडून ते कोथिंबीर घ्यायचे, सरांना विचारत होत्या, "काए पंडिज्जी, हमें सच्ची में उठा देंगे?" आणि सर मान खाली घालून नाणी शोधत होते.

योजना जागी झाल्यामुळे एक झालं, अर्जाला उत्तर द्यावंच लागलं. आधी प्राधिकरणाने त्यांनाच बोलावलं. बेत ठरला तो असा, की आराखड्यातला फेरबदल विचारात घ्यायचा, जाहीर सूचना काढायची, मूळ आराखड्यावर आक्षेप मागवायचे, सुनावणी घ्यायची. पत्रे तोवर थांबले.

सूचना निघाली आणि सुनावणीची तारीख लागायच्या आत काकू गेल्या. आजारी अशा नव्हत्याच. सकाळी पोहे केले, दुपारी पडल्या, संध्याकाळी नव्हत्या. मी गेले तेव्हा सर फरशीवर बसले होते. जिथे ते आराखडे पसरायचे त्याच जागी. मला बघून म्हणाले, "हिला दाखवायचा होता गं." मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

सुनावणीला ते येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं. ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात रबर. आक्षेपवाल्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे. मी मंचाच्या कडेला, फायली पुढे करायच्या कामावर. मला तोंड उघडायचा अधिकार नव्हता. आयुक्त नवे होते, तरुण, या पांडेजींना ओळखत नव्हते.

"आपकी आपत्ति किस बात पर है?"

"इस नक्शे पर, साहब. इसमें जिस जमीन को खाली लिखा है, वह खाली नहीं है."

"सर्वे में तो खाली है. किसने बनाया था ये नक्शा?"

"मैंने."

सभागृहात हशा पिकला. सर थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "मैं इतवार को नहीं गया था, साहब. बाकी सब दिन देखा. हाट इतवार को लगता है. गलती मेरी है, मगर उठेंगी वो औरतें."

आयुक्तांनी चष्मा काढला. ते भले गृहस्थ होते, त्यांनी तोड काढायचा प्रयत्न केला. संकुल राहू द्या, त्याच्या तळघरात हाटाला पक्के ओटे देऊ. दुकानांच्या आशेने आलेल्या व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. आमच्या साहेबांनी तर सुटकेचा श्वास सोडला.

"तलघर में धनिया दोपहर तक मर जाता है," सर म्हणाले. "और गाँव की औरत सीढ़ी उतरकर नीचे नहीं बैठेगी, वो सड़क किनारे बैठेगी. फिर आप ही का अतिक्रमण-दस्ता उसे उठाएगा. साहब, थिगली मत लगाइए. ये पन्ना बदल दीजिए. उत्तर के कोने में जो क्वार्टर गिर चुके हैं, दुकानें वहाँ आ सकती हैं. मैदान को मैदान लिखिए, हाट को हाट. कानून ने आपको पूरा अधिकार दिया है. मुझे भी देता था, मैंने बरता नहीं."

आयुक्तांनी माझ्याकडे वळून विचारलं, "इतवार को आप लोगों की छुट्टी रहती है?" मी म्हटलं, रहती है. ते म्हणाले, "इस इतवार नहीं रहेगी."

त्या रविवारी आमचं अख्खं दफ्तर हाटात फिरलं. मोठे साहेब चिखलातून विजार वर धरून चालत होते, आणि सर लांब, रस्त्याकडेच्या जांभळाखाली उभे होते. पुढे आलेच नाहीत. मला वाटतं त्यांना भीती वाटत होती, की आपण जवळ गेलो तर काम बिघडेल. सरकारी गतीने मग बरेच महिने गेले. पण तो आराखडा बदलला. जुना रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला, दुकानं उत्तरेच्या कोपऱ्यात गेली, आणि मैदानावर छापील अक्षरांत आलं: साप्ताहिक हाट.

राजपत्रात आल्यावर मी त्याची प्रत गुंडाळून सरांकडे घेऊन गेले. मुद्दाम रविवारीच गेले. सर खूप वाळले होते. जेवण डब्याचं, घर नीटनेटकं आणि गप्प. मी गुंडाळी सोडायला लागले तर त्यांनी हात धरला. "इथे नको. जागेवर."

काठी टेकत टेकत आम्ही हाटात गेलो. रामकलीबाईंनी गोणपाटाची कड झटकून जागा केली. नकाशा पसरला, वारा होता म्हणून चार कोपऱ्यांवर चार बटाटे ठेवले. आजूबाजूच्या बाया वाकून बघायला लागल्या. रामकलीबाईंनी विचारलं, "इसमें हम कहाँ हैं पंडिज्जी?" सरांनी बोट ठेवलं. बाईंनी नुसतं "हओ", म्हणजे हो, म्हटलं आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांना ते ठाऊकच होतं, की त्या तिथे आहेत.

सर मात्र हलेनात. माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "विचार ना."

"काय सर?"

"ती विचारायची ते."

इतकी वर्षं मी तो प्रश्न हसण्यावारी नेला होता, आणि आता मला तो धड विचारता येईना. तरी विचारला. "सर, यात कोथिंबीर कुठे मिळेल?"

त्यांनी आपल्या मागच्या गल्लीवर बोट ठेवलं. तिथून सावकाश निघाले, वळणावर वळले, जांभळापाशी रस्ता ओलांडला. बोट कुठे अडलं नाही. मैदानावर येऊन थांबलं. मग त्यांनी खिशातलं रबर काढलं, क्षणभर हातात धरलं आणि बटाट्याशेजारी गोणपाटावर ठेवून दिलं. उठताना ते घ्यायचं विसरले, की ठेवलंच, मला माहीत नाही. मी आठवण केली नाही.

रामकलीबाईंनी न मागता एक जुडी पिशवीत टाकली. मी म्हटलं, "सर, तुमचा तर डबा येतो. कोथिंबीर काय करणार?"

"येतो ना डबा," सर म्हणाले. "पण रविवारी घरात वास नको का?"

मी सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाले. वळणापर्यंत मी त्यांना पाहत होते. पाठ वाकलेली, पिशवीतून कोथिंबिरीची पानं बाहेर आलेली. जांभळापाशी थांबून त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, नेहमीसारखी दिशा बघून घेतली आणि घराकडे वळले. त्यानंतरच्या थंडीत ते गेले. त्यांच्यामागे घर आवरायला आलेल्या लेकीने मला विचारलं, की स्वयंपाकघरात दांडीला इतक्या वाळक्या जुड्या कशाला टांगल्या होत्या.